‘फ्रीमेसन’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: चार्ल्स टेझ रसेल या अमेरिकन धर्मप्रचारकांवरचा लेख मराठीत करतेय. यांच्याच चळवळीतून पुढे ‘यहोवाचे साक्षीदार’ हा ख्रिस्ती पंथ झाला. रसेल हे छुपे फ्रीमेसन (शब्दशः ‘मुक्त गवंडी’, एका गुप्त म्हणवल्या जाणाऱ्या बंधुसंघाचे सदस्य) होते अशी आवई अधूनमधून उठते, आणि पुरावा म्हणून त्यांचं १९१३चं सॅन फ्रान्सिस्कोतलं प्रवचन पुढे करतात: ‘आय ॲम अ फ्री अँड ॲक्सेप्टेड मेसन’. पण लगेच पुढे ते म्हणतात, आपल्या मेसन बंधूंच्या रीतीने मात्र नव्हे. मी कधीच मेसन नव्हतो, हेही त्याच प्रवचनात आहे. म्हणजे कोटी आहे: ख्रिस्ताने मुक्त केलेला, देवाने पत्करलेला, त्याच्या मंदिराचा कारागीर. ‘मी फ्रीमेसन आहे’ लिहिलं की कबुलीजबाब होतो. ‘मुक्त गवंडी’ लिहिलं की कुणाचं तरी कंत्राट सुटल्यासारखं वाटतं.

बोरूबहाद्दर: गवंडी नकोच. गवंडी बांधतो, पाथरवट घडवतो. फ्रीस्टोन म्हणजे कुठल्याही अंगाने नीट कापता येणारा दगड, तो घडवणारा फ्रीमेसन, अशी एक व्युत्पत्ती आहे. ‘मुक्त’चा संबंधच काय? ‘घडीव पाथरवट’ करा.

सदाफुली: घडीव पाथरवट म्हणजे पाथरवटालाच कुणीतरी तासलाय! फ्रीमेसन राहू द्या की. १८४३ साली मुंबईत खास एतद्देशीयांसाठी ‘रायझिंग स्टार’ लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, निघालं, पारशी मंडळी त्यात होती. इतका जुना पाहुणा आता घरचाच.

बोरूबहाद्दर: घरचा म्हणून त्याने सगळं घर बळकवायचं का?

अण्णा कॅम्पवाले: मला ‘लॉज’चीच धास्ती. ‘ते लॉजला जात’ असं छापलंत तर इकडे भलताच अर्थ निघेल. आमच्या लहानपणी मेसन लोकांच्या इमारतीला जादूघर म्हणत. संध्याकाळी काळ्या सुटातले गृहस्थ काखेत चपटी बॅग मारून आत शिरायचे. बॅगेत कवटी असते अशी आमची पक्की खात्री. निघालं काय, तर त्यांचा विधीचा एप्रन!

काथ्याकूट: शब्दांत कसले अडकताय, रसेल होतेच त्यांच्यात. पिट्सबर्गला थडग्यापाशी २०२१पर्यंत पिरॅमिड होता, त्यावर मुकुट आणि क्रूस. पुस्तकांवर पंखवाला सूर्य. आणखी काय हवं?

भाषांतरवाली: ते १९१६ला वारले, पिरॅमिड त्यानंतर अनुयायांनी उभारला. गिझाच्या पिरॅमिडात देवाची योजना कोरलीय असं ते मानत, म्हणून तो आकार. मुकुट-क्रूस ख्रिश्चन सायन्स या दुसऱ्या पंथाचे लोकही वापरतात, आणि पंखवाला सूर्य मुळात इजिप्तचा. चिन्हांवरून माणूस ठरवायचा तर आपल्या दारावरच्या स्वस्तिकाचं काय करायचं?

काथ्याकूट: नाकारणारच ना, गुप्त संघटना आहे.

सदाफुली: हो म्हटलं तरी मेसन, नाही म्हटलं तरी मेसन. मग त्या प्रवचनाचं भाषांतर हवंय कुणाला?

बोरूबहाद्दर: ‘मीही मुक्त आणि पत्करलेला पाथरवटच’ असं लिहा आणि तळटीप द्या.

सदाफुली: कोटीला तळटीप लागली की कोटी मेली.

अण्णा कॅम्पवाले: ते राहू द्या, ‘गवंडी’ कानडीतून आला ना? आमच्या सोलापूरकडच्या आत्या ‘गौंडी’ म्हणायच्या.

बोरूबहाद्दर: छे! कानडीनेच आपल्याकडून उचलला असेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात गवंडी आहे, बघा.

अण्णा कॅम्पवाले: मोल्सवर्थमध्ये असला म्हणजे मराठीच? त्यात फारसी किती भरलीय ते मोजा आधी.