मदत हवी आहे: कुलिओउओउच्या धारेवरचा जिओकॅश सापडत नाहीये

नमस्कार मंडळी. सध्या हवाईत, ओआहू बेटावर आहे. काल लेकीसोबत कुलिओउओउ डोंगराची धार चढलो, तिथला जिओकॅश (जीपीएसच्या खुणेवरून शोधायची लपवलेली डबी, आत सही करायला नोंदवही) शोधायला. एका बाजूने साधारण ४ किलोमीटर. आधी नागमोडी वळणं, मग सुरूच्या झाडांचा पट्टा, शेवटी दमवणाऱ्या पायऱ्या आणि माथ्यावरून थेट खाली वायमानालोचा निळाशार समुद्र. डोळ्यांचं पारणं फिटलं!

जिओकॅश मात्र मिळाला नाही. सुरूच्या सावलीत मोबाइलवरचा बाण सारखा फिरत होता. अंतर कधी ४ मीटर दाखवी, कधी १५. पायाखाली सुयांचा जाड थर, त्यात पाऊस होऊन गेलेला. तासभर मुळांच्या बेचक्यांत हात घालून पाहिलं.

अशा दाट झाडीत नेमकी जागा कशी पकडता? मोबाइल एका जागी ठेवून जीपीएसने दाखवलेल्या जागांची सरासरी घेतात, ते कसं करायचं? आणि वाट सोडून किती आत शिरावं? वर ओहिआची (हवाईतली मूळची) झाडं आहेत. त्यांना मारणारी बुरशी बुटांच्या मातीतूनही पसरते, म्हणून तुडवातुडवी नकोच वाटते. बूट घासून, स्पिरिट मारूनच जातो.

शनिवारी परत जायचंय. नोंदवहीत सही करायला लेकीने पेन्सिल आत्ताच सॅकमध्ये टाकलीये.