मराठी टायपिंग ३०: रोज एक तास की शनिवार-रविवार चार-चार तास?

राजवाडा_सातारा: भाची पोवई नाक्यावर दुकानात कामाला आहे, संध्याकाळी सातला सुटते. मराठी ३० चा, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या टायपिंग परीक्षेचा, फॉर्म भरलाय. ती म्हणते, रोज दमून जाण्यापेक्षा शनिवार-रविवार चार-चार तास बसते, एकदम हात बसेल. शिवाय एकच उतारा घोटते. त्यात स्पीड झकास, नवा उतारा समोर आला की बोटं अडतात. काय करावं?

एमएच११: बसू द्या की रविवारी. मी तसाच पास झालो.

टायपिंगवाले_सर_सांगली: पास होता येतं, नाही म्हणत नाही. पण तास वाया जातात. खडखड वाजणाऱ्या मशीनच्या काळापासून शिकवतोय, आठवड्याचे जोर रविवारी मारून अंग होत नाही हे तालमीतलं पोरगंही सांगेल.

ब्रिटनच्या पोस्टात पोस्टमनना कीबोर्ड शिकवायचा होता. बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले: दिवसातून एकदा एक तास, दोनदा एक-एक तास, एकदा दोन तास आणि दोनदा दोन-दोन तास. निकाल १९७८ साली छापून आला. रोज एकच तास बसणारे सगळ्यात कमी तासांत शिकले, चार तासवाल्यांना सगळ्यात जास्त तास लागले. आणि गंमत बघा, सगळ्यात नाराज कोण? तेच एक तासवाले! दिवस लांबत गेले ना. भाचीची कुरकुर तीच आहे. आता खरं तेही सांगतो, दिवस मोजले तर चार तासवाले आधी तयार झाले. पण ते कीबोर्डवर रोज होते, मध्ये पाच दिवस सुट्टी नव्हती.

उताऱ्याचं दुखणं वेगळं. एकच उतारा घोटला की तो पाठ होतो, हात आठवणीवर पळतो. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ साली एक प्रयोग छापला. हातात टेनिसचा चेंडू धरून छोट्या फळ्या ठरलेल्या क्रमाने पाडायच्या, असे तीन क्रम. एका गटाने एक क्रम पुरता घोटून मगच दुसरा घेतला, दुसऱ्याने तिन्ही सरमिसळ केले. सरावात पहिला गट वेगवान. दहा दिवसांनी पुन्हा घेतलं तेव्हा सरमिसळवाले पुढे. दर वेळी हालचाल नव्याने जुळवावी लागते, त्याचा हा फायदा. म्हणून माझ्याकडे एका तासात थोडा उतारा, थोडं पत्र, थोडा तक्ता, परत वेगळा उतारा. पोरं वैतागतात, वैतागू देत.

परीक्षा कधी आहे?

राजवाडा_सातारा: दोन महिने आहेत, सर. मग रोज सातनंतर पाठवतो. पण नवा उतारा दिला की रडकुंडीला येते हो.

टायपिंगवाले_सर_सांगली: दोन महिने बक्कळ झाले. कीबोर्डकडे बघून मारते का, ते आधी विचारा. बघत असेल तर सरमिसळ इतक्यात नको, बोटांना जागा माहीत होईपर्यंत त्याच त्या ओळी घोटू दे. न बघता मारत असेल तर रोज नवा उतारा द्या. रफार आणि शिफ्टची अक्षरं आली की करंगळी अडते, तिथं तिला रेटू नका. आणि मामा, घरी आल्या आल्या ‘आज स्पीड किती?’ एवढं तेवढं विचारू नका.