लेझर, हायफू आणि आरएफ: कोण किती खोल जातं?

लेझरने ओघळलेले गाल उचलले जातात का? लेझरचं काम मुख्यतः वरच्या थरात चालतं. १०,६०० नॅनोमीटरचा फ्रॅक्शनल (ठिपक्याठिपक्यांनी मारला जाणारा) सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, लेझर त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो. बारीक सुरकुत्या, व्रण, खडबडीतपणा यांवर तो उत्तम. पण जबड्याची रेषा ढिली पडते ती खालचा आधाराचा पडदा सैल झाल्याने. तिथे तो पोचत नाही.

हायफूमध्ये अल्ट्रासाउंड एका बिंदूवर एकवटून साधारण ६०-७० अंशांची उष्णता देतात. कार्ट्रिज (यंत्राची बदलती टोकं) १.५, ३ आणि ४.५ मिमी खोलीची असतात; ४.५ त्या पडद्यासाठी. कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) आधी आकसतं, मग नवं तयार होतं, म्हणून फरक २-३ महिन्यांनी दिसतो. चेहरा मुळात बारीक असेल तर मात्र सांभाळा! खोली चुकली तर चरबी वितळून गाल आणखी बसतात. जबड्याच्या कडेला मज्जातंतू तापला तर ओठाची एक बाजू काही आठवडे ढिली पडू शकते.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच जास्त. आधी उन्हाने रापलेली त्वचा निवळू द्या, नंतर सनस्क्रीन चुकवू नका. आरएफची, म्हणजे रेडिओलहरींची, उष्णता मेलॅनिनवर (त्वचेच्या रंगद्रव्यावर) अवलंबून नसते, त्यामुळे तो तुलनेने सुरक्षित. पेसमेकर असेल तर मात्र नको. ओठांवर पाण्याचे बारीक फोड (जर) येण्याची सवय असेल तर लेझरआधी डॉक्टरांना जरूर सांगा, विषाणूरोधक गोळी आधीच सुरू करतात.

लोंबणारी जास्तीची कातडी यातल्या कशानेच जात नाही.