पाठदुखी आणि मन : उपाय नकोत, अनुभव लिहा

माझ्या कमरेतल्या एल-४, एल-५ या मणक्यांमधली चकती सरकली त्याला सहा वर्षं झाली. तेल, पट्टा, शेक यावर सल्ले देणारे ढिगाने भेटतात, त्यामुळे ते इथे नकोत. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. त्यानंतर तुमच्या मनाचं काय झालं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. कुणाकडेही गेले की मी आधी खुर्च्या मोजते. एका बारशाला सत्तरीच्या काकू उभ्या दिसल्या म्हणून उठले. त्या 'बस गं' म्हणाल्या नाहीत. म्हणतील कशाला? माझ्याकडे बघून काही दिसतच नाही. तासाभराने बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

*

एमआरआयच्या रिपोर्टमधला 'डीजनरेटिव्ह', म्हणजे झिजलेलं, हा शब्द डोक्यात बसला. मणका सडतोय असंच वाटायचं. वाकणं बंद, मुलीला उचलणं बंद. दोन वर्षांनी फिजिओने २०१५ सालच्या एका आढाव्यातला आकडा सांगितला : पाठ अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांची स्कॅन बघितली, तर ६८ टक्क्यांत चकतीची झीज सापडते. हायसं वगैरे काही वाटलं नाही, संतापच आला. मुलगी तोवर कडेवर घेण्याजोगी राहिली नव्हती.

*

लिहून दिलेली गोळी नेटवर शोधली तर डिप्रेशनची निघाली. म्हणजे डॉक्टरांनाही हे माझ्या मनाचेच खेळ वाटतात! आठ दिवस पाकीट पर्समध्येच. मग त्यांनाच फोन केला. ड्युलॉक्सेटिन जुनाट दुखण्यावरही देतात म्हणे. तोंड कोरडं पडतं, पण पहाटे चारला छताकडे बघत पडणं कमी झालंय. सासूबाईंना कॅल्शियमची गोळी म्हणून सांगितलंय.

*

माझं प्रकरण वेगळं, अँकिलॉसिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचे सांधे सुजून आखडण्याचा आजार. यात पडून राहिलं की आखडतं, हालचाल केली की सुटतं. सकाळी मोजे घालायला आई लागायची आणि संध्याकाळी मी मैदानावर. बाबा म्हणायचे, "कामाच्या वेळीच बरं दुखतं!" निदानाला पाच वर्षं गेली. जन्मभराचा आजार आहे असं कळलं आणि मला चक्क आनंद झाला. वर त्या आनंदाची लाजही वाटली. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घेऊन तेच खाली बसले.

*

मी दुखणारीचा नवरा. रोज विचारायचो, "आज कसंय?" एकदा ती म्हणाली, "विचारू नकोस, जरा विसरलेली असते तेव्हाच नेमकं विचारतोस." तेव्हापासून गरम पाण्याची पिशवी भरून उशाशी ठेवतो, तोंड बंद.

*

दोन दिवस नुसतं वाचतेय. लिहिण्यासारखं खूप आहे, पण बसवत नाही. हेसुद्धा आडवं पडून टाइप केलंय, चुका सांभाळून घ्या. खुर्च्या मीही मोजते.