अर्धी रॅम मोकळी, तरी डेटाबेस स्वॅपमध्ये का जातो?

सावदेकर

राम राम मंडळी. सावद्याला केळीच्या एका पॅकहाउसचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. वजनकाटा, गाड्यांच्या पावत्या, शेतकऱ्यांचे हिशेब, सगळं एकाच मायएसक्यूएल डेटाबेसवर. मालकांनी यंदा सेकंडहँड सर्व्हर घेतला. दोन सॉकेट (म्हणजे दोन प्रोसेसर), प्रत्येकी 8 कोर, एकूण 128 जीबी रॅम. बसवणाऱ्याने लिनक्स टाकून दिलं, मी बफर पूल (मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये ठेवतो ती जागा) 56 जीबी केला. वाटलं, आता काय बघायलाच नको.

पण पहाटे काटा सुरू झाला की पहिल्या पावत्या निघता निघत नाहीत. रात्री बॅकअप होतो, त्यानंतरचाच हा त्रास. ड्रायव्हर हॉर्न मारतात, मालक माझ्याकडे बघतात. दहा-साडेदहाला आपोआप सुरळीत होतं. 'फ्री' कमांड मारून पाहिली तर 54 जीबी रॅम मोकळी आणि 8 जीबीच्या स्वॅपमधले (रॅम कमी पडली की वापरतात ती डिस्कवरची जागा) 7 जीबी भरलेले! मोकळी जागा असताना स्वॅप कशाला? स्वॅपीनेस, म्हणजे स्वॅपकडे किती झुकायचं तो आकडा, 60 वरून 1 केला, तर पुढच्याच आठवड्यात कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मायएसक्यूएलच मारून टाकला. बसवणारा म्हणतो रॅमची कांडी खराब असेल. मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. आता काय करू?

धरणगाव_डीबीए

स्वॅपऑफ मारा आणि विषय संपवा भो. 128 जीबीवर स्वॅप हवाच कशाला?

पांझराकाठ

इतलं सोपं नही शे भाऊ. सावदेकर, स्वॅपऑफ अजिबात करू नका. स्वॅपीनेस 1 केल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. बाहेर पडायची वाट आणखी अरुंद केली तर कर्नलला मारण्यावाचून पर्याय उरत नाही.

मी धुळ्याला कॉलेजच्या लॅबमध्ये अशीच दोन सॉकेटवाली जुनी मशीन सांभाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'फ्री' दाखवतो ती नुसती बेरीज. तुमच्याकडे 128 जीबीचा एक ढीग नाही, 64-64 चे दोन आहेत. प्रत्येक प्रोसेसरच्या आत स्वतःचा मेमरी कंट्रोलर असतो आणि निम्म्या कांड्या त्याला जोडलेल्या असतात. पलीकडच्या कांडीतलं काही हवं असेल तर दोन प्रोसेसरमधल्या दुव्यावरून जावं लागतं, त्याला वेळ जास्त लागतो. या रचनेला नुमा म्हणतात. तिच्यातल्या प्रत्येक भागाला लिनक्स नोड म्हणतो आणि नोडागणिक हिशेब वेगळा ठेवतो. मोकळ्या पेजेसच्या (पेज म्हणजे मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा) याद्या वेगळ्या, कुठे आल्यावर सावध व्हायचं ते वॉटरमार्क वेगळे, पेज सोडवून आणणारा केस्वॅपडीसुद्धा प्रत्येक नोडला स्वतंत्र. पीएस मारून बघा, केस्वॅपडी0 आणि केस्वॅपडी1 असे दोन दिसतील. पैज लावते, पहिल्याने खाल्लेला सीपीयूचा वेळ दुसऱ्याच्या कितीतरी पट असेल.

वाटण्या झालेल्या घरासारखं आहे हे: एका भावाच्या कोठीतले दाणे संपले, दुसऱ्याची कोठी भरलेली. मात्र लिनक्समधले भाऊ भांडखोर नाहीत. प्रोसेस ज्या नोडवर चालते आहे तिथलं पेज आधी द्यायचं, तिथे नसेल तर शेजारच्या नोडवरून निमूट द्यायचं, ही डीफॉल्ट रीत. म्हणजे तुमच्याकडे कोणीतरी शेजारी जायला बंदी केलेली आहे. ती कोणी केली, ते शोधायचं.

तीन संशयित. एक, झोन रीक्लेम मोड. हा 1 असेल तर कर्नल शेजारी जाण्याआधी स्वतःच्या नोडमधली पेज कॅशे (डिस्कवरच्या फाइलींची रॅममध्ये ठेवलेली प्रत) झाडायला बसतो. जुने कर्नल नोडांमधलं अंतर जास्त दिसलं की हा स्वतःहून चालू करायचे. 2014 च्या 3.16 पासून तो डीफॉल्ट बंद आहे, पण कुठल्या तरी जुन्या ट्यूनिंग फाइलीतून आजही लोक 1 लिहून ठेवतात. दोन, कोणीतरी प्रोसेसला मेमरी पॉलिसी लावून एका नोडला बांधलं असेल. तीन, सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालायची सोय) सीपीयूसेटमध्ये एकच नोड दिलेला असेल.

'नुमासीटीएल हार्डवेअर' आणि मायएसक्यूएलच्या पीआयडीवर (प्रोसेसच्या नंबरावर) 'नुमास्टॅट' या दोन कमांडचं उत्तर, झोन रीक्लेम मोडचा आकडा आणि प्रोक फोल्डरमधली त्याच पीआयडीची नुमा मॅप्स फाइल, एवढं इथे टाका. कर्नलने मारलं त्या वेळचा लॉग असेल तर तोही. अंदाजाने औषध नको.

सावदेकर

ताई, तुम्ही पैज जिंकलात. केस्वॅपडी0 चे तास भरलेत, केस्वॅपडी1 चे सेकंदसुद्धा धड नाहीत.

नोड 0 वर मोकळी 700 एमबीच्या आसपास, नोड 1 वर 53 जीबी. नोडांमधल्या अंतराच्या तक्त्यात स्वतःच्या नोडला 10 आणि शेजारच्याला 21. झोन रीक्लेम मोड 0. नुमा मॅप्समध्ये जवळपास प्रत्येक ओळीवर 'बाइंड:0' लिहिलंय. लॉगमध्ये मारण्याच्या ओळीत 'कन्स्ट्रेंट मेमरी पॉलिसी' असं आहे. हे आधीही वाचलं होतं, पण पॉलिसी म्हटल्यावर मला एलआयसीच आठवली.

पांझराकाठ

झालं, सापडलं. त्या ओळीचा अर्थ असा की मशीनची मेमरी संपली नव्हती, या प्रोसेसला जिथून घ्यायची परवानगी होती तेवढी संपली होती. 56 जीबीचा पूल, त्यावर कनेक्शनांचे बफर आणि मायएसक्यूएलचा इतर खर्च, शिवाय कर्नलचं स्वतःचं सामान, हे सगळं एका 64 जीबीच्या नोडवर. रात्री बॅकअपवाली प्रोसेस नोड 0 वरच्या कोरवर चालली की तिची पेज कॅशेही तिथेच भरते. मग मायएसक्यूएलची निवांत पडलेली पेजेस स्वॅपमध्ये ढकलली जातात आणि पहाटे पावती काढताना ती एकेक करून डिस्कवरून परत येतात. तुमचे हॉर्न तिथून वाजतात.

सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करतो तो) मायएसक्यूएलच्या सर्व्हिसची ड्रॉप-इन, म्हणजे जास्तीच्या सेटिंगची, फाइल बघा. 'नुमा पॉलिसी' बाइंड आणि 'नुमा मास्क' 0 अशा दोन ओळी असतील, नाहीतर सुरू करण्याच्या कमांडमध्येच नुमासीटीएल मेमबाइंड. बसवणाऱ्याला अगदीच अडाणी म्हणणार नाही. नेटवर्क कार्ड किंवा रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) पहिल्या सॉकेटच्या पीसीआय लेनवर असेल, म्हणून डेटाबेसही तिथेच ठेवावा असा हिशेब केला असेल. तेवढंच हवं होतं तर 'प्रिफर्ड' लावायचं. त्यात आधी नोड 0, तिथे नसेल तर दुसरीकडे. 'बाइंड' म्हणजे तिथेच, नाहीतर मरा.

तुमच्या बाबतीत मात्र मी इंटरलीव्ह लावेन. बफर पूल एक आणि त्यावर दोन्ही सॉकेटचे थ्रेड तुटून पडतात, तेव्हा 'जवळचं' पेज कोणाच्या जवळचं? पेजेस आळीपाळीने दोन्ही नोडवर पसरली की सरासरी वेळ थोडा वाढतो, पण एकच नोड तुंबत नाही. मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी नुमा इंटरलीव्ह' हा पर्याय 5.7 पासून आहे. पूल तयार होईपर्यंत इंटरलीव्ह, नंतर डीफॉल्ट. आधी ड्रॉप-इनमधल्या त्या दोन ओळी काढा.

आणि पॉलिसी बदलल्याने आधी दिलेली पेजेस हलत नाहीत, ती नव्या मागणीलाच लागू होते. सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागेल.

चोपडा_ते_हिंजवडी

एवढा खटाटोप कशाला? बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग चालू करा, कर्नलला एकच नोड दिसेल. गेलं टेन्शन.

बाकी दोन सॉकेट म्हणजे दोन नोड असंही समजू नका. आमच्याकडच्या एएमडी एपिक प्रोसेसरवर बायोसमध्ये एनपीएस (एका सॉकेटचे किती नोड) 4 केलं की एकाच सॉकेटचे चार नोड दिसतात.

पांझराकाठ

एपिकचं बरोबर. बायोसचं मला पटत नाही. ते चालू केलं की कोणती कांडी कुणाच्या जवळ हे कर्नलला कळतच नाही. आज एकच डेटाबेस आहे, उद्या त्याच मशीनवर दोन व्हर्च्युअल मशीन टाकायची झाली तर एकेक नोड वाटून देणं किती सोपं, ते हातचं जातं. कर्नलला माहिती द्यावी आणि पॉलिसी आपण ठरवावी.

तो 21 चा आकडाही फर्मवेअरने सांगितलेला आहे, कोणी तुमच्या मशीनवर मोजलेला नाही. 2.1 पट वेळ लागतोच असं धरून चालू नका.

धरणगाव_डीबीए

मग ऑटो नुमा बॅलन्सिंग कशासाठी आहे? कर्नल स्वतः पेज हलवतो ना?

पांझराकाठ

हलवतो, कर्नल 3.8 पासून. मधूनमधून पेजेसचं मॅपिंग काढून ठेवतो, कोण हात लावतो ते फॉल्टवरून (मॅपिंग नसल्याने येणाऱ्या अडथळ्यावरून) बघतो आणि पेज त्याच्या नोडकडे नेतो. एका नोडवर मावणारी, आपल्याच मेमरीत रमणारी प्रोसेस असेल तर छान. सामायिक पूलमध्ये तेच पेज आता याला हवं, मग त्याला. फॉल्टचा खर्च होतो, हाती फारसं येत नाही. आणि 'बाइंड'ची बंदी तर ते मोडूच शकत नाही. आमच्या डेटाबेसच्या मशीनवर मी ते बंदच ठेवते, पण हे माझं मत.

सावदेकर

ताई, ड्रॉप-इनमध्ये त्या दोन ओळी तशाच सापडल्या. काढल्या, काल रात्री काटा बंद झाल्यावर रीस्टार्ट केलं. नोड 0 वर आता 30 जीबी मोकळी, नोड 1 वर 29. रात्री बॅकअप होऊनही आज पहाटे स्वॅप शून्य. मालकांनी काहीच विचारलं नाही, म्हणजे ठीक आहे.

एक शेवटचं. ह्यूज पेजेस (2 एमबीची मोठी पेजेस) लावायचा विचार आहे, पूलपुरत्या. काही वेगळं?

पांझराकाठ

एकूण आकडा सिसीटीएलने (कर्नलची सेटिंग बदलायची कमांड) दिला तर कर्नल तो दोन्ही नोडवर सारखा वाटतो. इंटरलीव्हला ते जुळतं. बाइंड असताना केलं असतं तर निम्म्या ह्यूज पेजेस नोड 1 वर अडकून पडल्या असत्या आणि पूल त्यांच्यावर उभाच राहिला नसता. बूटच्या वेळीच राखून ठेवा, नंतर मेमरीचे तुकडे पडले की एकसलग 2 एमबी मिळणं अवघड. राखल्यावर प्रत्येक नोडच्या मेमइन्फो फाइलीत ह्यूज पेजेसची ओळ वेगवेगळी तपासा, बेरजेवर जाऊ नका.