हक्कांचे रक्षण राज्यघटना करते, की तिच्यापर्यंत पोहोचू शकणारा नागरिक? सोलापुरातील तीन नागरिकांचा हा संवाद; बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या भागाच्या नावाने दिली आहे.

साखर पेठ : मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा शासनाला जाब विचारण्यासाठी इथल्या माणसाच्या हाती मूलभूत हक्कांची कोणतीही सनद नव्हती. आज अनुच्छेद ३२ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागणे हाच एक मूलभूत हक्क आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीला राज्यघटनेचा आत्मा म्हटले, ते याचसाठी.

अशोक चौक : मला हे मान्य नाही. आणीबाणीत, १९७६ साली, याच न्यायालयाने बहुमताने सांगितले की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही. न्या. खन्ना तेवढे विरोधात उभे राहिले. सनद होती, तरी माणसे तुरुंगातच राहिली.

साखर पेठ : त्या माणसांची भरपाई झाली नाही, हे खरेच. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद केली आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकालही रद्द ठरवला.

होटगी रस्ता : आपल्या शहराला लागू पडणारा निकाल १९८२ चा आहे. दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या बाजूने लिहिलेले एक पत्रच याचिका मानून न्यायालयाने ठरवले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी आहे आणि हा अनुच्छेद खाजगी मालकालाही बांधतो. विडी कामगार किंवा यंत्रमाग कामगार यांच्यासाठी याहून मोठे संरक्षण कोणते?

अशोक चौक : निकाल मोठा आहे, म्हणूनच माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या विड्या खराब ठरवून मजुरी कापली गेली, तर ती याचिका कशी करणार? तिला वकील देणारा अनुच्छेद ३९अ मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला आहे आणि त्या तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करून घेता येत नाही.

होटगी रस्ता : तिथे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे मुंबईची फेरी टळते.

अशोक चौक : कोल्हापूरलाही जायचे म्हणजे तिची दिवसाची मजुरी बुडते. मोफत वकिलाची माहिती तिला विडीची पाने आणि तंबाखू मिळतो त्या कारखान्याच्या दारावर लावणे मालकाला बंधनकारक करा, अशी माझी मागणी आहे.