गाडी धावताना एसी गार, सिग्नलला गरम. कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. तुळजापूर रस्त्याला ऐंशीच्या वेगाने जाताना एसी इतका लागतो की मागच्या सीटवरची आई डोक्यावर पदर ओढून घेते. तीच गाडी सोलापुरात शिरली आणि दोन सिग्नल लागले की कोमट वारा. सध्या दुपारी ४१-४२ अंश असतं, त्यामुळे काचा खाली करूनही सुटका नाही.

गेल्या उन्हाळ्यात मेकॅनिकने गॅस भरला. महिन्यापूर्वी परत 'थोडा मारला'. काही फरक नाही, उलट जास्तच बिघडल्यासारखं वाटतंय. केबिन फिल्टर नवा टाकला. आता तोच मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, २४ हजार लागतील. गाडीच विकली तर दीड लाख येतील!

अजून एक. गाडी उभी असताना बोनेटखाली 'टक्' होतं, हवा गरम येते, थोड्या वेळाने परत 'टक्'. मध्येच पुढचा पंखा विमानासारखा सुटतो, मग मिनिटभर बरं वाटतं. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र जागचा हलत नाही. खर्च करू का थांबू?

प्रतिसाद

थांबा! दमलेला कॉम्प्रेसरही उभ्या गाडीत कमी गार करतो, म्हणून मेकॅनिक अगदीच हवेत बोलतोय असं नाही. पण तुम्ही शेवटी जे 'अजून एक' म्हणून लिहिलंय ना, खरी गोष्ट तीच आहे.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. आतली उष्णता तिथे बाहेर पडते. गाडी पळत असताना वारा आपोआप लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरला नाही तर गॅसचा दाब चढत जातो, ३० बारच्या आसपास गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा, गिअरचा नव्हे) सोडतो. तो तुमचा 'टक्'. दाब उतरला की क्लच परत धरतो.

आता पंखा विमानासारखा का सुटतो? त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. एसी लावला की हळू वेग सुरू व्हायला हवा, दाब किंवा इंजिनचं तापमान जास्त झालं की मोठा. हळू वेग एका रेझिस्टरमधून जातो आणि तो जळला की फक्त मोठा वेग उरतो. इंजिनला तेवढा पुरतो, म्हणून काटा हलत नाही आणि कुणाला संशयही येत नाही.

सकाळी इंजिन थंड असताना एसी लावा आणि बोनेट उघडून अर्धा मिनिट पंखा बघा. हात लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. मग दुपारी, हवा कोमट यायला लागली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारा. लगेच गार झालं तर कंडेन्सरला वारा कमी पडतोय.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त गॅसबद्दल एक भर. गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती न शोधता नुसता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. आणि कमी नसताना वर भरला तर दाब अजून चढतो. तुमचं 'जास्तच बिघडलं' त्यातलं असू शकतं.

मेकॅनिकने बंद गाडीला गेज लावून 'गॅस बरोबर आहे' म्हटलं तर विश्वास ठेवू नका. बंद गाडीत दाब तापमानावर ठरतो. ४० अंशाला आर-१३४ए (एसीतला हा गॅस) साधारण १३० पीएसआय दाखवणारच, आत २०० ग्रॅम असो की ५००. सगळा गॅस मशीनने काढून, वजन करून, बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच भरायला सांगा. सर्व्हिस वाल्वची (जिथून गॅस भरतात) पिन मात्र घरी दाबून बघू नका, बोटं गोठून जखम होते.

धागाकर्ता, चार दिवसांनी

मंडळी, पाणी मारल्याबरोबर हवा गार! सकाळी एसी लावून पाच मिनिटं उभा होतो, पंखा ढिम्म. इलेक्ट्रिशियनने रेझिस्टर काढून दाखवला, मधून काळाठिक्कर. सुटा भाग आणि मजुरी मिळून साडेनऊशे रुपये. दुसरीकडे गॅस काढून मोजला तर ६१० ग्रॅम निघाला, स्टिकरवर ४३० लिहिलंय. आता बाजारात अर्धा तास गाडी उभी ठेवली तरी आई पदर घेऊन बसते.

पण आता नवीनच. डावीकडच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतंय. गॅस गळतोय का?

प्रतिसाद

गॅस असा ओला दिसत नाही, उडून जातो. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी आहे ते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतंय का बघा. टपकत नसेल तर ड्रेनचा पाईप धुळीने तुंबलाय. खालच्या बाजूने हलकेच फुंकर मारून घ्या, आणि कार्पेट उचलून उन्हात वाळवा नाहीतर आठवड्यात कुबट वास सुटेल. सोलापूरचं ऊन आहेच.